मऊ नाकाची गोळी

मुतोंडो
३ जून १९८३

मामा,

गुडघे टेकून, तीन टाळ्या वाजवून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण ठीक काहीच नाही. मी घाबरलोय. एनालाला सांगू शकत नाही, बायकोला असलं सांगितलं की ती आधी हसते आणि मग रडते. गावात तर सोयच नाही. म्हणून तुम्हाला लिहितो.

रानरेड्यांचा कळप ओढ्याकाठच्या ज्वारीत उतरलाय. ऐंशी तरी असतील. ऊन चढेपर्यंत खातात, तुडवतात आणि मग बोरूच्या बेटात शिरून बसतात. मुखियानं शिकारखात्याकडून एका रेड्याचा परवाना आणलाय. एक पडला की कळप महिनाभर फिरकत नाही हे तुम्हीच शिकवलंत. आता मारायचा कुणी? रायफल ज्याच्या खुंटीला, त्यानं. बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका, त्यात सायकलचे छर्रे आणि मोडके खिळे भरतात. रेड्याला त्यानं खाजसुद्धा सुटायची नाही.

मार्चमधली गोष्ट तुम्हाला कळवली नव्हती. एक एकटा रेडा मक्यात आला होता. मी मऊ नाकाची गोळी घातली, नेमकी खांद्यावर. बसली, मी डोळ्यांनी पाहिलं. पण तो पडला नाही मामा, माझ्याकडे वळला. मी झाडावर कसा चढलो ते आठवत नाही, चप्पल खालीच राहिली. वरून मानेत दुसरी घातली तेव्हा पडला. कापला तर पहिली गोळी खांद्याच्या हाडावरच फुटून चपटी होऊन बसलेली, आत गेलीच नव्हती. गावाला मी सांगितलं की मुद्दाम दोन घातल्या.

तुमच्या पत्र्याच्या डब्यात आता पाच काडतुसं मऊ नाकाची आहेत आणि चार टणक, ती सगळी पितळी कवचाची, गोल नाकाची. कुठली घालू? लवकर लिहा.

तुमचा भाचा
कबांदा

किटवे
१४ जून १९८३

अरे कबांदा,

चप्पल सोडून झाडावर चढणारा शिकारी आपल्या घराण्यात पहिलाच. तुझी आई, माझी धाकटी बहीण, असती तर तिनं ती चप्पल दारावर टांगली असती. असो. जिवंत आहेस, चप्पल नवी घे.

आता कान देऊन ऐक. मऊ नाकाच्या गोळीचं शिसं पुढून उघडं असतं. मांसात शिरली की ती फुलते आणि आत मोठी खळगी पाडते. हरणाला, रानडुकराला, फार तर सिंहाला ती चांगली. पण रेड्याचा खांदा म्हणजे चेष्टा नाही. त्या हाडावर ती बाहेरच फुलते आणि मग जनावर तुझ्याकडे बघतं. टणक गोळी फुलत नाही, वाकत नाही, नाकासमोर चालत जाते. हाड असो, बरगडी असो, तिला फरक पडत नाही. तेव्हा टणक. दुसरा विचारच करायचा नाही. पुढच्या पायाच्या मागे, पोटाच्या रेषेपासून एक तृतीयांश वर. श्वास सोड आणि मग घोडा ओढ.

आणि आपला नियम विसरू नकोस. रेडा पडला की पळत्या कळपाकडे पाठ कर आणि मेलेल्या जनावराकडे तोंड करून बस. म्हातारे येऊन शेपटी कापेपर्यंत वळून बघायचं नाही. ज्याला आपण घेतलं त्याचा मान राखायचा, जे गेले त्यांना जाऊ द्यायचं. मी जन्मात कधी वळून पाहिलं नाही.

इथं खाणीच्या चाळीत माझा मुलगा मला खुर्चीवर बसवून ठेवतो. सून पोरांना सांगते, आजोबा मोठे शिकारी होते. होते! काल एक उंदीर निघाला, तर तो तिनंच मारला. मला दिसलाही नाही.

मामा मुपेता

मुतोंडो
१ जुलै १९८३

मामा,

पडला! एका गोळीत पडला! परवाच्या रविवारी मी पोटावर सरपटत ज्वारीच्या कडेला गेलो, साठ पावलांवर. कळप दाटीवाटीनं उभा होता, पाठीला पाठ लावून. पुढचा मोठा रेडा आडवा उभा होता. तुम्ही सांगितलंत तसं केलं. आवाज झाला, रेडा चाळीस पावलं धावला आणि गुडघ्यांवर बसला. मग ओरडला, तो शेवटचा आवाज तुम्हाला माहीत आहे. कळप धूळ उडवत बोरूत गेला.

मी ताबडतोब पाठ केली आणि बसलो. मुखियानं शेपटी कापून माझ्या हातात दिली. बायकांनी आरोळ्या ठोकल्या. मलीता आजीनं नाचून दाखवलं, त्या लंगड्या पायानं! म्हणाली, "या पोराला मी पायाकडून ओढून काढला होता, तेव्हाच म्हटलं होतं की हा नाव काढणार." सगळे हसले. आमच्या छोटीच्या जन्माच्या वेळीही हीच आजी दोन दिवस एनालापाशी बसून होती, हे तुम्हाला लिहिलं होतंच.

एवढीच एक गंमत झाली. गोळी सापडली नाही. एनालाला ती ताईत करून छोटीच्या कमरेला बांधायची होती. बायकांनी सगळं मांस चाचपलं. अलीकडे बारीक भोक, पलीकडे तसंच बारीक भोक. आरपार गेली. तुमची टणक गोळी म्हणजे काय चीज आहे! तीन उरल्यात, जपून ठेवतो.

म्पिकाच्या बसवाल्याकडे सुकवलेलं मांस पाठवतोय. त्यातलं त्यानं निम्मं खाल्लं तर मला कळवा.

तुमचा शूर भाचा
कबांदा

किटवे
११ जुलै १९८३

कबांदा,

मांस मिळालं. शाबास.

कळप दाटीनं उभा होता असं लिहिलंस. तुझ्या रेड्याच्या पलीकडे काय होतं? मोकळी जमीन होती की दुसरं जनावर? नीट आठवून सांग. गोळी कुठल्या उंचीवर बाहेर पडली?

सहजच विचारतोय. म्हाताऱ्या माणसाला उद्योग नसतो.

एक कर. महिनाभर तरी बायकांना बोरूकडच्या वाटेनं पाण्याला जाऊ देऊ नकोस. वरच्या घाटावर जा म्हणावं, लांब पडलं तरी चालेल. आणि कुणी एकट्यानं जाऊ नये. का म्हणून विचारलं तर मामानं सांगितलंय म्हण. लगेच उत्तर दे, लगेच.

मामा

मुतोंडो
१८ जुलै १९८३

मामा,

तुमचं पत्र अजून नाही. वाट बघायला वेळ नाही म्हणून लिहितो. लाबानी गेला. रानरेड्यानं मारला.

लाबानी म्हणजे ओढ्यापलीकडे मधाची पोळी काढायचा तो, माझ्याच वयाचा. शुक्रवारी सकाळी पाण्याच्या वाटेनं चालला होता, मागून त्याची बायको घडा घेऊन. त्यानं ना दगड मारला, ना हाक दिली. ती सांगते की रेडा वाटेशेजारी बोरूत उभाच होता, वाट बघत. लाबानी पुढे गेला तसा बाहेर आला. पुढचं मी लिहीत नाही. मी उचलायला गेलो होतो.

मामा, कळपातला रेडा माणूस दिसला की पळतो. न डिवचलेला रेडा दबा धरून बसत नाही. हे गावात पोराठोरांनाही माहीत आहे. म्हणून सगळे एकच बोलताहेत: हा साधा रेडा नाही, हा कुणीतरी पाठवलेला आहे.

कुणी पाठवला तेही ठरवून टाकलंय. आठवड्यापूर्वी लाबानीच्या शेळ्यांनी मलीता आजीचा भोपळ्याचा वेल खाल्ला होता. तिचं तोंड तुम्हाला ठाऊकच आहे. "तुझ्यावर रेडा धावून येवो" असं ती भर चौकात बोलली. सगळ्यांनी ऐकलं, मीही ऐकलं आणि हसलो. त्यात जिथं लाबानी पडला तिथं रेड्याचा माग आहे, मागचा डावा पाय ओढल्याचा. आणि मलीताही डावा पाय ओढत चालते. मुखियाच्या भावानं काठीनं तो माग सगळ्यांना दाखवला. बायकांनी पोरं जवळ ओढली.

तिला मुखियाच्या धान्याच्या खोलीत ठेवलंय. सात ऑगस्टच्या रविवारी मांत्रिक येणार. त्यानं बोट दाखवलं की तिला नदीपार घालवणार. पलीकडे एकही झोपडी नाही, नुसते सिंह आणि हत्ती. त्या वयात, त्या पायानं.

मला रेडा मारायचा हुकूम झालाय. गाव म्हणतं की पाठवलेल्या जनावराला गोळी लागतच नाही. मला ते खरं वाटत नाही, पण तीन दिवस मी बोरूकडे फिरकलेलो नाही. पाण्याला दहा-दहा बायका टोळीनं जातात आणि भांडी वाजवतात. काय करू, सांगा.

कबांदा

मुतोंडो
२५ जुलै १९८३

मामा,

तुमचं अकरा तारखेचं पत्र काल मिळालं. बसवाल्याच्या खिशात आठवडाभर पडून होतं. मी चार वेळा वाचलं. तुम्हाला कसं कळलं? पाण्याच्या वाटेचं, बोरूचं, एकट्यानं जाऊ नये हे तुम्ही लाबानी मरायच्या आधी कसं लिहिलंत?

पत्र खिशात घालून मी तडक त्या ज्वारीत गेलो, जिथून गोळी झाडली होती. रेडा उभा होता तिथपर्यंत पावलं मोजली आणि त्याच रेषेत पुढे गेलो. आठ पावलांवर माग सापडला. ज्वारीची धाटं मोडून वाळली होती म्हणून राहिला. एक जनावर जागच्या जागी गरकन फिरलंय आणि तिथून मागचा डावा पाय ओढत बोरूत गेलंय. एका धाटावर काळं वाळलेलं रक्त होतं. मी ते नखानं खरवडून पाहिलं.

माझ्या रेड्याच्या पलीकडे दुसरा होता. माझी गोळी एकातून निघाली आणि दुसऱ्याच्या मांडीत बसली. त्याला कुणी डिवचलं नाही असं सगळे म्हणतात. डिवचला होता मामा, मी डिवचला होता. वीस दिवस तो ते दुखणं घेऊन बोरूत उभा राहिला आणि पहिला माणूस दिसला तो लाबानी. मी पाठ करून बसलो नसतो, एकदा मान वळवली असती तर मला तो लंगडताना दिसला असता. त्याच दिवशी माग काढून संपवला असता. नियम पाळला आणि माणूस मेला.

आता माझी भीती ऐका. हे सांगितलं तर रायफल जाईल. लाबानीची बायको माझ्या दारात येऊन बसेल. आणि नाही सांगितलं तर मलीता नदीपार जाईल, जिनं मला आणि माझ्या पोरीला या जगात आणलं. दोन्ही विचार एकाच वेळी डोक्यात येतात आणि मी आपला बंदूक पुसत बसतो. एनाला विचारते, किती पुसशील, झिजेल ती.

सांगितलं तरी कुणी मानणार नाही. गाव म्हणतं की एका गोळीनं एकच जनावर जायचं, गोळी काय देवाची आहे का दोन-दोन मारायला? तुम्ही सांगितलंत तर मानतील. तुमच्या शब्दाला इथं अजून किंमत आहे. या, किंवा मुखियाला चार ओळी लिहा. सात तारखेच्या आत.

कबांदा

किटवे
३ ऑगस्ट १९८३

कबांदा,

तुझं पत्र आज सकाळी आलं. सुनेनं वाचून दाखवायला घेतलं, मी तिच्या हातातून काढून घेतलं आणि डोळ्यांना भिंग लावून स्वतः वाचलं. मग तू गप्प राहा असं सांगायला पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. हा चौथा.

मला कसं कळलं ते सांगतो. एकोणीसशे एक्कावन्नच्या नोव्हेंबरात मी अशीच टणक गोळी अशाच कळपात घातली. रेडा पडला. आणि मी वळून पाहिलं. हो, पाहिलं. पळत्या कळपात एक म्हैस मागचा पाय ओढत चालली होती. माझ्या कमरेला दोन काडतुसं होती. जखमी जनावर सोडायचं नसतं, त्याच्या मागे जायचं असतं, हे शिकाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. मी गेलो नाही. लोकांनी मला खांद्यावर घेतलं होतं, आणि बोरूत जखमी म्हैस आहे या विचारानं मी घाबरलो होतो. मी स्वतःशीच म्हटलं, मरेल ती आपली आपण.

ती मेली नाही. बारा दिवसांनी पाण्याच्या वाटेवर तिनं एका बाईला मारलं. त्या बाईचं आणि मलीताच्या थोरल्या बहिणीचं, रुतीचं, नुकतंच भांडण झालं होतं. पुढचं तुला ठाऊक असल्यासारखंच आहे. नदीला पाणी चढत होतं. रुतीला डोंग्यात बसवलं तेव्हा तिनं मला हाक मारली. "मुपेता, तुला जनावरं कळतात, तू तरी सांग." मी जमिनीकडे बघत राहिलो. मलीता तेव्हा तिशीची असेल. सगळ्यांनी तिला समजावलं होतं की तुझी बहीण चेटकीण आहे. तिनं बहिणीकडे पाठ फिरवली. रुती पुन्हा कुणाला दिसली नाही.

आणि वळून न बघण्याचा तो नियम आपल्या वाडवडिलांचा नाही. तो मी केला. पोरांना शिकवला, तुला शिकवला, आता सगळं खोरं तो पाळतं. वाटलं होतं की बघितलंच नाही तर कळणार नाही, आणि कळलं नाही तर माझ्यासारखं खुर्चीत बसून झुरावं लागणार नाही. तुझ्या भल्यासाठीच केलं असं मी बत्तीस वर्षं म्हणत आलो. आता लिहिताना हसू येतंय.

मला यायला जमणार नाही, गुडघे चालत नाहीत. काय करायचं ते तू ठरव, मला सांगायचा अधिकार नाही. पण शिकारीचं एवढं ऐक. जखमी रेडा स्वतःच्या मागावर वळसा घालून येतो आणि मागे उभा राहतो, तेव्हा समोर बघू नकोस, बाजूला बघ. तो एकटा आहे, पलीकडे कुणी नाही, म्हणून बिनधास्त टणक घाल. तो समोरून येईल, छाती आणि कवटी पुढे करून. तिथं मऊ गोळी म्हणजे मरण. तुझ्याकडे तीन टणक आहेत. जीव वाचव.

हे पत्र वाचून झालं की जाळ.

मामा

मुतोंडो
४ ऑगस्ट १९८३

मामा,

तुमचं काही आलं नाही. रविवार तीन दिवसांवर आला, थांबता येत नाही.

काल मी चौकात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गोळी, आरपार, धाटावरचं रक्त, सगळं. मधे दोनदा पाणी मागितलं. लाबानीची बायको माझ्याकडे बघत होती. आणि काय झालं असेल? लोक हसले. मुखियाचा भाऊ म्हणाला, "बघा, म्हातारीनं आतून याच्याही डोक्यात शिरकाव केला. सुईणीचं ऋण फेडतोय बिचारा." मला वाटलं होतं की मला मारतील. कीव करतील असं वाटलं नव्हतं.

मुखिया मात्र हसला नाही. म्हणाला, "गोळी दाखव. त्या रेड्याच्या मांडीतली तुझी गोळी माझ्या ताटात ठेव, मी मांत्रिकाला अर्ध्या वाटेतून परत पाठवतो."

तेव्हा उद्या सकाळी जातोय. डबा उघडून बसलोय. तीन टणक, पाच मऊ. आणि मामा, मला आत्ताच एक गोष्ट कळली. मी टणक गोळीनं तो रेडा मारला, तर मांडीत सापडलेली टणक गोळी कुठल्या दिवसाची हे कोण सांगणार? म्हणतील, आजच घातलीस, छातीतून मांडीपर्यंत गेली, तूच तर म्हणतोस की ती आरपार जाते. माझाच शब्द माझ्या तोंडावर मारतील. मऊ गोळीनं मारला तर गोष्ट निराळी. मऊ फुलते आणि चपटी होऊन तिथंच बसते. मग मांडीतली ती सरळ, गोल नाकाची गोळी दुसऱ्या दिवसाचीच ठरेल. आंधळ्यालाही चाचपून कळेल.

पण मऊ गोळीनं रेडा पडत नाही, वळतो. बोरूत झाड नाही चढायला.

तीन टणक मी एनालाच्या हवाली करणार आहे. बंदुकीपाशी राहिली तर ऐन वेळी हात तिकडेच जाईल, मी स्वतःला ओळखतो. तिला सांगितलंय की जुनी काडतुसं आहेत, नीट ठेव. तिला काही कळत नाही.

छोटीचं नाव तुमच्या आईवरून ठेवलंय, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

कबांदा

मुतोंडो
१६ ऑगस्ट १९८३

मामा,

मी, एनाला, लिहितेय. टाळ्या वाजवत नाही, हात मोकळे नाहीत आणि मनही नाही.

आधी हे, की तो जिवंत आहे. उजव्या मांडीचं हाड मोडलंय. आता बाकीचं.

तुम्ही दोघे मला काही कळत नाही असं समजून पत्रं लिहिता. त्याचं प्रत्येक पत्र टपालात टाकायला मीच नेते मामा, आणि मला वाचता येतं. मार्चमधली चप्पल मीच झाडाखालून उचलून आणली होती. त्यानं टणक काडतुसं माझ्या हातात दिली तेव्हा ती काय आहेत आणि का देतोय हे मला पक्कं ठाऊक होतं. मला ती परत त्याच्या खिशात कोंबायची होती. मग धान्याच्या खोलीतून मलीता आजीचा खोकला ऐकू आला. मी काडतुसं पदरात बांधली आणि त्याला म्हटलं, लवकर ये, भाजी गार होईल. मला माझीच लाज वाटली, आणि भीती तर इतकी की छोटीला धरून मी दारातच बसले.

पहिला बार झाला. लगेच दुसरा. मग काहीच नाही. मी मोजत होते, पाच होती ना त्याच्याकडे. तिसरा बार ऐकू आला तो फार दबल्यासारखा, कशाखालून तरी आल्यासारखा. मी धावले. माझ्यामागे सगळं गाव धावलं.

तुमच्या भाच्यावर रेडा पडलेला होता. पहिली छातीवर बसली, फुटली, तो आलाच. दुसरी खांद्यावर, तिचंही तेच. तिसरी यानं आडवं पडून, शिंग मांडीत असताना, जबड्याखालून वर घातली. आठ माणसांनी रेडा उलटवला. हा शुद्धीवर होता. मला म्हणाला, "आधी मांडी काप. त्याची. माझी नको." एवढ्यातही विनोद सुचतो मेल्याला.

कुणी पुढे होईना, पाठवलेल्या जनावराला सुरी कोण लावणार? मग मीच लावली. डावी मांडी सुजून पिवळी झाली होती, पू वाहिला. आत बोट घातलं तर हाडापाशी लागली. मुखियाच्या ताटात ठेवली. सरळ, गोल नाकाची, एक ओरखडा सोडला तर नव्यासारखी. मग छातीतली काढली, ती चपटी, फाटलेली. खांद्यातलीही तशीच. मुखियानं तिन्ही बोटांनी चाचपल्या. मी पदरातली टणक काडतुसं सोडून शेजारी ठेवली. नाकाला नाक जुळलं. मग तो भावाला म्हणाला, "जा, कडी काढ."

मलीता बाहेर आली ती शिव्या देतच. दोन सरळ काठ्या आणा, साल आणा, रडताय काय मूर्खांनो, पोराचं हाड बसवायचंय. तेव्हापासून ती आमच्याच घरी आहे.

लाबानीच्या बायकोनं मांस घेतलं नाही. ती कबांदापाशी येऊन उभी राहिली आणि निघून गेली. तिचं शेत दोन हंगाम आम्ही करायचं असं ठरलंय. रायफल मुखियाकडे आहे. तिचं मला काही वाटत नाही.

आता तुमचं. तुमचं पत्र बारा तारखेला आलं. मी त्याला वाचून दाखवलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जाळ असं तुम्ही लिहिलंत, मी जाळलं नाही. लपवून ठेवलंय आणि झोप उडालीय.

कारण मलीता आजी. तिन्ही गोळ्यांचं ते ताट तिनं मागून घेतलंय. काम झालं की ती ते मांडीवर घेऊन बसते, सरळ गोळी उचलते, चपटी उचलते, परत ठेवते. काल पट्टी बदलता बदलता तिनं मान वर न करता विचारलं, "पोरी, तुझ्या मामाला तू लिहितेस ना? त्याला विचार. रुती गेली त्या साली त्यानं कुठली गोळी घातली होती?"

मी म्हटलं, विचारते. मी खोटं बोलणार नाही मामा, आणि खरं सांगायची माझ्यात हिंमत नाही. ते काम तुमचं आहे.

एनाला

किटवे
२४ ऑगस्ट १९८३

एनाला, पोरी,

तिला सांग, टणक होती.

तेवढंच सांग, बाकी मी सांगेन. मंगळवारच्या बसनं निघतोय. मुलगा ओरडतोय की असल्या गुडघ्यांनी कुठं चाललात. मला तिच्या समोर बसायचंय, तिच्याकडे तोंड करून. ती काय करेल याची मला भीती वाटतेय. बोरूत जायला वाटली नव्हती एवढी वाटतेय.

फाट्यावर मला घ्यायला कुणी येऊ नका. मलीता आली तर तिला अडवू नका.

मुपेता